डब्ब्यातल्या सदतीस विहिरी

आमच्या घरात लिहायला सपाट जागा नव्हती. जमीन सारवलेली पण उंचसखल, भिंतीत दोन कोनाडे, एक दिव्याचा आणि एक मिठाचा. टेबल नावाची वस्तू मी पहिल्यांदा शाळेत पाहिली. माझा बाप विहिरी खोदायचा. संध्याकाळी घरी आला की लोखंडी घमेलं दाराशी उपडं टाकायचा, आई त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायची, आणि ते वाळलं की ते माझं टेबल. घमेल्याच्या बुडाला मधोमध पोचा होता. तिथे पेन आलं की कागदातून आरपार जायचं. माझ्या चौथीपर्यंतच्या वह्यांना दर पानाच्या मध्यावर भोक आहे. त्या वह्या अजून आहेत.

धाडच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. दिवाळी झाली की बाप कामावर, पाऊस लागला की काम बंद. मग चार महिने घर आईच्या निंदणावर चालायचं. त्या दिवसांत ताटात भाजी म्हणून यायची ती बांधावर फुकट उगवलेली, तरोटा नाहीतर चिवळ. बाप कामावरून यायचा तेव्हा भुवयांपासून टाचेपर्यंत पांढरा असायचा. मला वाटायचं, जमिनीच्या आत पिठाची गिरणी आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी लाजत नाही. बी.ए. केलं, बी.एड. केलं, आता एका हायस्कूलात मराठी शिकवते. मला नोकरी लागली त्या वर्षी बापाचं खोदणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात दगडाची भुकटी बसली आहे. ओट्यावरून चुलीपर्यंत आला तरी त्याला दम लागायचा. बोलणंही तुटक झालं. दोन शब्द बोलायचा, थांबायचा, मग दोन.

शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्याव्या लागत. त्यासाठी बाहेरच्या सेंटरवर रांगेत बसण्यापेक्षा घरीच कॉम्प्युटर घ्यावा असं मी ठरवलं. पण आमच्या दोन खोल्यांत मोठं काही मावत नव्हतं. बुलडाण्याच्या दुकानात गेले तेव्हा बाप सोबत आला. हातात घेतल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर त्याचा विश्वास बसत नसे.

दुकानदाराने फळीवरून एक काळी पेटी काढली. जेवणाच्या डब्याएवढी.

"हासुद्धा डेस्कटॉपच आहे मॅडम. कंपन्यांच्या ऑफिसात स्क्रीनच्या मागे लटकवलेला असतो. काही वर्षं वापरून ते काढून टाकतात, आम्ही साफ करून विकतो. घरच्या कामाला भरपूर झाला."

बापाने पेटी उलटीपालटी करून पाहिली. "याचं बाकीचं कुठी हाय?"

"बाकीचं म्हणजे काका?"

"हे त डोकं दिसते. धड कुठी हाय?"

"एवढाच असतो."

"एवढाच अन् पूर्ण?"

"पूर्ण काका."

बापाने मधल्या बोटाचं पेर मोडून पेटीवर दोनदा ठोकलं. खडक तो असाच ठोकायचा. आवाजावरून त्याला कळायचं की खाली नुसता दगड आहे की दगडाच्या पोटात पाणी आहे. दुकानदाराने पेटी सुरू केली तेव्हा बापाने तिला कान लावला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"आतमंधी कोणी तरी खोदून राह्यलं वं."

दुकानदार हसला. "हार्ड डिस्क आहे काका, जुन्या पद्धतीची. ती फिरते, तिच्यावर काटा हलतो. त्याचा आवाज."

"किती परस हाय?"

परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्याकडे विहीर त्यानेच मोजतात. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, किती मोठी आहे असं विचारताहेत.

"पाचशे जीबी."

"पाचशे," बाप म्हणाला. "लय खोल हाय मंग. घे पोरी."

जीपमध्ये त्याने पेटी आपल्या लाल दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर धरली. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय आणलं बुढ्या, पेढे काय?"

"कॉम्प्युटर हाय."

"एवढुसा?"

"तुह्या डोक्यापेक्षा मोठाच हाय बे."

गावात दोन दिवस लोक पाहायला येत होते. शिकूनसवरून पोरगी फसली, असंही कोणी बोललं. बापाने सेंट्रिंगच्या फळीचं टेबल ठोकून दिलं. आमच्या घरातलं पहिलं टेबल ते. त्याला पोचा नव्हता.

मी शाळेत गेले की बाप त्याच्यासमोर बसू लागला. त्याची शाळा चौथीपर्यंत. मराठी बोट ठेवून वाचायचा, पण लिहिताना हात थरथरायचा. छन्नी धरून धरून बोटं पेन धरायला वळत नव्हती. कळ दाबणं मात्र जमायचं. मी त्यात मराठीची सोय टाकली होती. इंग्रजी अक्षरांनी शब्द लिहायचा, की यंत्र खाली मराठी शब्द सुचवतं. हवा तो निवडायचा. वरचेवर जो शब्द निवडला, तो पुढच्या वेळी पहिला येतो. म्हणजे ते यंत्र माणसाची सवय शिकतं.

बापाला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. त्याने ती आपल्या हत्यारांवरून ओळखून घेतली. टी म्हणजे टिकाव, यू म्हणजे बादली, ओ म्हणजे वरून पाहिलेली विहीर, एच म्हणजे शिडी. एम म्हणजे दोन डोंगर. कुठल्या खुणेने कुठला आवाज निघतो हे त्याने पंधरा दिवसांत पाठ केलं. एका बोटाने, मधल्याच.

पहिले काही दिवस "परस" लिहिलं की यंत्र "पारस" म्हणून दाखवायचं. तो चिडायचा. "पारस अकोल्याकडं हाय. मले परस पाह्यजे." आठवड्याभरात यंत्र मुकाट परस लिहू लागलं.

तो लिहीत होता त्याने खोदलेल्या विहिरींची यादी. सगळ्या सदतीस. गावोगाव बोअर आले, जुन्या विहिरी बुजल्या, काहींत लोक कचरा टाकतात. "कोणत्या विहिरीले कोण्या अंगानं पाणी हाय, हे माह्याशिवाय कोणाले माहीत नाई," तो मला म्हणाला होता. "मी गेलो की थे पण गेलं." मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, म्हाताऱ्याचा वेळ जातो आहे, बरं आहे.

मधे यंत्र अडखळू लागलं तेव्हा मी बुलडाण्याहून त्याची रॅम वाढवून आणली. चारची आठ. बापाने विचारलं, यानं काय होते. मी म्हटलं, त्याला एका वेळी जास्त कामं करायला जागा मिळते. त्याला ते लगेच पटलं. "हाव. खाले हातोडा फिरवाले जागा नसन त माणूस काय करन?"

आता मी केलेली गोष्ट.

नोकरीच्या आधी मी पुण्याच्या एका शाळेत मुलाखतीला गेले होते. उत्तरं चांगली चालली होती. बोलता बोलता "मले वाटते" असं तोंडून गेलं. समोरच्या तिघांतल्या एक बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या नावापुढे कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं हे मी पाहिलेलं नाही, तरी ते मला अजून दिसतं. त्या दिवसापासून मी माझ्या बोलण्यातून "ले" उपटून काढला. मला, तुला, त्याला. झोपेतसुद्धा.

शाळेच्या वार्षिक अंकाचा विषय होता पाणी. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे लेख मागितला. मला बापाची फाईल आठवली. उघडली. पहिलीच ओळ: "मले समजते तसं लिवतो." मान तापली माझी. पुढे जिकडेतिकडे मले, त्याले, विहिरीले, मालकाले. हे शाळेच्या अंकात माझ्या नावासोबत छापून येणार?

मी ती फाईल वाचली नाही. दुरुस्त केली. शोधायचा शब्द "ले", त्याऐवजी "ला", आणि "सगळे बदला" हे बटण. एका सेकंदात काम झालं. यंत्राने किती ठिकाणी बदललं तो आकडाही सांगितला. मी सेव्ह केलं, बंद केलं आणि चहा घेतला. खूप शिकल्यासारखं वाटलं. मग अंकासाठी मी दुसराच लेख लिहिला, आणि फाईलचं विसरून गेले.

तीन-चार दिवसांनी रविवार होता. बाप टेबलाशी बसला, फाईल उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून वाचू लागला. मी कपड्यांच्या घड्या करत होते. त्याचं बोट एका जागी थांबलं.

"हे मी नाई लिवलं."

"काय बाबा?"

"लाक," तो म्हणाला. पुन्हा वाचलं. "ला-क. लाक काय असते वं?"

मी जाऊन पाहिलं. पडद्यावर "लाकीला" होतं. त्याने लिहिलं होतं लेकीले. त्या लेकीतला "ले"सुद्धा यंत्राने बदलला होता.

मी मागे जायचा प्रयत्न केला. फाईल बंद होऊन गेली होती, जुनं काही परत येत नव्हतं. "चूक झाली बाबा," मी म्हटलं. "मी दुरुस्त करते."

"करजो," तो म्हणाला.

त्याने पडद्याचं बटण दाबून तो काळा केला. उठताना डब्ब्यावर हलकी थाप मारायची त्याची सवय होती, ती त्याने मारली नाही. त्या दिवसानंतर तो त्या टेबलाशी बसला नाही. ओट्यावर बसून राहायचा, आणि कधीकधी मधलं बोट मांडीवर ठोकायचा, जसं कळ दाबतात तसं.

मी दुरुस्त करणार होते. आधी परीक्षा आल्या, मग निकाल, मग नव्या वर्गाचं काम. दहा महिन्यांनी, थंडीत, बाप गेला. फाईल तशीच होती.

त्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका मी त्याच डब्ब्यावर टाइप केली. आम्ही बौद्ध. आमच्यात माणूस गेल्यावर जलदान विधी असतो. मी "जलदान" लिहिलं, जागा सोडली, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर दाबलं, दुसरं दाबलं, आणि घाईत पहिला सुचवलेला शब्द घेतला. पडद्यावर आलं: "जलदान विहिरीले."

मी हात मागे घेतले. तो शब्द पुसला, "विधी" लिहिला. पण यंत्राने "विधी" तिसऱ्या क्रमांकावर ठेवलेला होता. पहिला विहिरीले, दुसरा विहीर.

तिथून ते सुरू झालं. मी शाळेची सूचना लिहायला बसले की म अक्षराला "मले" पुढे यायचा. "का" लिहिलं की "काऊन". प्रश्नपत्रिकेत "खाली दिलेल्या" लिहायला गेले की "खाले". जो माणूस दम लागतो म्हणून बोलणं टाळत होता, तो मेल्यावर माझ्या प्रत्येक वाक्यात तोंड घालत होता. एकदा रजेचा अर्ज मी छापून सही करून देऊन आले. मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मॅडम, तुम्ही मराठीच्या शिक्षिका ना?"

"हो सर."

"'मले एक दिवसाची रजा मिळावी' असं लिहिलंय."

रजा बापाच्या पहिल्या स्मृतिदिनासाठीच होती. मी अर्ज तिथेच हाताने पुन्हा लिहून दिला.

आणि आवाज. डब्बा चालू असला की आत टक, टक, थांबा, टक असं वाजायचं. आधीही वाजायचं, पण आता जास्त. छन्नीवर हातोडा पडतो त्याच लयीत. दुपारी घर शांत असलं की तो आवाज टेबलातून जमिनीत उतरायचा आणि जमिनीखालूनच येतोय असा भास व्हायचा. आईने एक दिवस बापाचा लाल दुपट्टा घडी करून डब्ब्यावर घातला.

"कशाला घातला आई?"

"थंडी हाय," ती म्हणाली. पुढे उन्हाळा आला तरी तो तिथेच होता.

यंत्र हळू होत गेलं. सुरू व्हायला अख्खी भाजी चिरून व्हायची. मग आवाज बदलला, खडखड येऊ लागली, आणि दोनदा पडदा निळा होऊन बंद पडला. मी डब्बा पिशवीत घालून बुलडाण्याला नेला. दुकानदार तोच. त्याने झाकण उघडलं आणि जाळीतून चिमट्याने लाल धागे काढले.

"याच्यावर कापड कोण घालतं? हवा कोंडून हार्ड डिस्क तापत होती."

मी ते धागे मुठीत घेतले.

"डिस्क जायला आली आहे मॅडम. नवीन पद्धतीची एसएसडी टाकू. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. आवाज नाही, काही नाही, झटक्यात सुरू होईल."

"आतलं सगळं जसंच्या तसं येईल?"

त्याने एक यंत्र जोडून तासभर प्रयत्न केला. नव्या डिस्कवर उतरवून घेताना ते मधेच अडकायचं. "खराब जागा पडल्यात. जसंच्या तसं नाही येणार. फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या, बाकी सगळं नवीन टाकतो."

"आणि त्याने शिकलेले शब्द? मराठी लिहिताना सुचवतो ते?"

असा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "ते आत कुठं साठवतो काय माहीत. नाही येणार बहुतेक. पण शिकेल ना नव्याने. तुमच्याकडून."

माझ्याकडून. मी विचारलं, जुनी डिस्क किती दिवस चालेल. तो म्हणाला, आज बंद पडेल नाहीतर महिनाभर ओढेल. मी एसएसडी विकत घेतली, पण बसवू दिली नाही. डब्बा तसाच परत आणला.

कारण साधं होतं. फाईलमध्ये आता सगळीकडे "ला" होता. कुठला "ला" त्याचा स्वतःचा आणि कुठला माझ्या बटणाने झालेला, हे सांगू शकणारे दोनच उरले होते. एक आई. दुसरा हा डब्बा, ज्याला बापाचे शब्द पाठ होते. आणि डब्ब्याचे दिवस भरत आले होते.

आईला धाग्यांचं सांगितलं तेव्हा तिने दुपट्टा काढून घेतला, हातात धरून बसली. "म्हंजे मीच त्याले मारलं काय?"

"नाही आई. जुनीच होती ती."

"मंग तू काऊन आणला परत?"

मी तिला फाईलचं सगळं सांगितलं. सगळे बदला, लाक, करजो. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "वाच मंग. आईक्तो मी."

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. सकाळी आंघोळ झाली की आम्ही दोघी टेबलाशी बसायचो. मी नवीन कोरं पान उघडलं आणि पहिल्या विहिरीपासून सगळं पुन्हा टाइप करायला घेतलं. जुनी ओळ मी मोठ्याने वाचायची. आई तुरीची डाळ निवडता निवडता मान हलवायची नाहीतर हात थांबवायची.

"'खाला काळा खडक हाय.'"

"खाले. खाला कोणी म्हणते काय?"

मी ख आणि आ दाबलं, यंत्राने "खाले" दिला. आई आणि डब्बा यांचं बहुतेक जुळायचं.

"'मालक म्हणे मला पाणी दाखव.'"

"मले."

"'सुरुंग लावला.'"

"हे बरोबर हाय. लावलाच."

अशी मी बापाची फाईल पहिल्यांदा वाचली. सहावी विहीर, सात परस, पाणी पूर्वेकडून. नववीत एकवीस दिवस नुसता दगड. अकराव्या विहिरीपाशी मी अडले. ओळ होती: "ह्या विहिरीवर माह्या मायला पाणी भरू देलं नाई."

आई डाळ ठेवून माझ्याकडे पाहू लागली. त्याने लिहिलं होतं "मायले". माझ्या दुरुस्तीने आजीची शिवी झाली होती. अशीच ओळ चौदाव्या विहिरीपाशीही होती. त्या दोन्ही विहिरी त्याने खोदल्या आणि त्याच्या आईला दोन्हींवर कधी बादली सोडू दिली नाही. हे त्याने मला जन्मात सांगितलं नव्हतं. मी बी.ए.ला सामाजिक इतिहास शिकले होते, पेपरात चांगले गुणही होते.

बाविसाव्या विहिरीची नोंद दोन ओळींची होती. मी वाचली: "सुरुंग उशिरा उडाला. संगातला मेला."

आईचा हात थांबला. "काय वाचलं?"

"'संगातला मेला.' बरोबर वाटतं आई. व्याकरण जुळतं. एक माणूस."

"एक नाई," आई म्हणाली. "दोघं होते. भाऊ भाऊ. मी दोघाइले पाह्यलं."

संगातले मेले. दोन्ही शब्दांत "ले" होता आणि यंत्राने दोन्ही बदलले. कुठे खोडल्याची खूण नव्हती, वाक्य शुद्ध, सरळ. कोणीही वाचलं असतं तरी चूक सापडली नसती. माझ्या एका बटणाने एक मेलेला माणूस नाहीसा झाला होता. मी "me" इतकं दाबलं आणि यंत्राने "मेले" पुढे केला. बापाने तो शब्द एकदाच लिहिला असेल का, की लिहून पुसून पुन्हा लिहिला असेल? यंत्राला तो इतका नीट कसा पाठ होता, हे मला अजून कळत नाही. त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही. डब्ब्यातली टकटक चालू होती. आईने बटण दाबून तो स्वतः बंद केला.

दुसऱ्या दिवशी सुरू व्हायला त्याने फार वेळ घेतला. आई म्हणाली, "आज उरकू पोरी. थकला हाय थो." ती डब्ब्याबद्दल बोलत होती की कोणाबद्दल, हे मी विचारलं नाही.

"लाक" मी शेवटाला ठेवलं होतं. शोधलं तेव्हा सात ठिकाणी निघालं. त्यातली तीन खरंच लाकडं होती, शिडीची आणि रहाटाची. उरलेल्या चार ठिकाणी मी होते.

पहिल्यात मी जन्मले म्हणून त्याने एक दिवस काम बुडवलं होतं. दुसऱ्यात मी त्याची भाकर घेऊन विहिरीच्या काठावर आले होते आणि त्याने मला मागे सरक म्हणून ओरडून सांगितलं होतं. तिसरी नोंद चौतिसाव्या विहिरीची: "लेकीचा पेपर होता. त्या दिवशी सुरुंग नाई लावला." आईने सांगितलं की माझ्या दहावीपासून बी.ए.पर्यंत एकाही पेपरच्या दिवशी त्याने सुरुंग लावला नाही. मालक चिडायचे. काही झालं तर पोरीला परीक्षेतून उठून यावं लागेल, असं तो म्हणायचा.

चौथं यादीच्या शेवटी होतं. त्या रविवारी त्याचं बोट जिथे थांबलं ती ओळ हीच. मी ती एकेक अक्षर दाबून लिहिली. एल, ई, के. यंत्राने माझ्यापुढे "लेकीले" धरला, पहिल्या क्रमांकावर. मी तो शब्द आयुष्यात टाइप केला नव्हता.

"हे माह्या लेकीले ठाव असू द्यावं. थे शिकेल हाय. थे नीट ठेवन."

आईने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. "वाच पुन्हा," ती म्हणाली. मी वाचलं. मग मी फाईल पेनड्राइव्हवर घेतली, दुसऱ्या पेनड्राइव्हवरही घेतली, आणि डब्बा बंद केला. त्यानंतर तो त्या डिस्कवर पुन्हा सुरू झाला नाही. चार-पाच वेळा बटण दाबून पाहिलं. आत दोनदा टकटक झाली आणि थांबली.

दुकानदाराने एसएसडी बसवून दिली. मी जुनी डिस्क परत मागून घेतली. ती आता आईच्या पेटीत दुपट्ट्याच्या घडीत आहे. घरी आल्यावर डब्बा सुरू केला तर तो खरंच झटक्यात सुरू झाला. आईने त्याला कान लावला.

"काईच आईकू येत नाई वं."

"नाही येणार आई. याच्यात फिरत काही नाही."

तिने मधल्या बोटाचं पेर मोडून डब्ब्यावर ठोकलं, दोनदा, आणि पुन्हा कान लावला. मग उठून गेली. मी मराठीची सोय टाकली आणि एम, ए, एल, ई दाबलं. नव्या यंत्राने "माले" दिला. मी खाली जाऊन "मले" शोधून निवडला. पुन्हा लिहिला, पुन्हा निवडला. किती वेळा ते मोजलं नाही. एका वेळी तो पहिला आला.

दुपारी घर शांत असलं की अजूनही कधीकधी मला जमिनीखालून ती लय ऐकू येते. डब्बा बंद असतो तेव्हासुद्धा.

सदतीस विहिरींची नोंद पूर्ण झाली आहे. छापून तिची एकोणीस पानं होतात. एक प्रत घरी आहे, एक आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहे, आणि दोन्ही प्रती त्याच्या बोलीत आहेत. बाविसाव्या विहिरीत दोन माणसं आहेत. लेक हा शब्द चार ठिकाणी आहे, आणि चारही ठिकाणी तो बरोबर लिहिलेला आहे.